थैली कुणी मोजली?

(पूर्णा, भिवंडी इथं पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. जसं बोललो तसं उतरवून काढलंय. मधे लोक बोलले, भांडले, ते गाळलंय.)



मला निरोप आला तो असा: तू किरिस्तावांतून आलास, तर चर्च का सोडलं ते सांग, अर्धा तास. निरोप आणणारा गालात हसत होता. त्याला वाटलं, हा येईल, पाद्र्यांना चार शिव्या हासडील, टाळ्या पडतील, चहा पिऊन आपण मोकळे. शिव्या मला येतात. गोदीत त्या फुकट मिळतात. पण मी आज हिशेबावर बोलणार आहे आणि तो हिशेब फिरत फिरत तुमच्या दारात येणार आहे. तेव्हा कुणी मधेच तंबाखू मळायला उठू नये.

मी मॅट्रिक. कविता लिहितो, हे तुम्हाला माहीत आहे, पोट त्यावर चालत नाही हेही माहीत आहे. बाप गोदीत कायम होता, मी ठेकेदाराच्या टोळीत. बोट लागली की इंदिरा गोदीत, नसली की इथं पूर्णाच्या गोदामात गाड्या खाली करायच्या. या धंद्यानं मला एक शिकवलं. मोजणी एकट्याची नसते. गाडी खाली होताना दोघं टॅली धरतात, एक माल पाठवणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. दोघांच्या वह्या जुळल्या तर सही. चार गोणी कमी पडल्या की आधी हमालाची झडती, म्हणून हमालपण पाठीवर ओझं घेऊन मनातल्या मनात मोजत असतो. माझ्या आजीनं साठ वर्षं ज्या मंडळीत पैसा टाकला, तिथं मोजणारा एकच होता आणि तोच ठेवणारा होता.

आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, नेवासे तालुका. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, आमच्या तोंडी नगरच. अमेरिकन मराठी मिशनचे गोरे १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ पासून त्यांनी नगरला ठाण मांडलं. बामण बोटावर मोजण्याइतके आले. झुंडीनं आले ते महार, मांग. आजोबांच्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा गाव म्हणालं, पोटासाठी बाटला. असेल. मेलेलं ढोर ओढून पोट भरत होतं तेव्हा कुणाला धर्म आठवला नव्हता. आणि नुसतं पोट नव्हतं. मिशनच्या शाळेत आजोबा बाकावर बसले. आजी वाचायला शिकली ती शुभवर्तमानातून, बोट ठेवून, एकेक अक्षर. हे मी नाकारत नाही. माझ्यासमोर कुणी नाकारलं तर मी भांडेन.

मुंबईला आल्यावर आजी-आजोबा एका मंडळीत जाऊ लागले. नाव सांगणार नाही. आत्या अजून तिथं जाते, आणि गोष्ट त्या एका मंडळीची नाहीच. रविवारी उपासना संपताना थैली फिरायची. मखमलीची, लांब दांडीची, खोल. कुणी काय टाकलं शेजाऱ्याला दिसू नये अशी. गरिबाची लाज राखायला ती तशी शिवली असं आजी सांगायची. तेही खरं असेल. वर दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा. वर हंगामाच्या सणाचा लिलाव. मुंबईत कसला आलाय हंगाम? पण नगरची माणसं, सवय जात नाही. कुणी भोपळा आणायचं, कुणी कोंबडी. आजी सहा अंडी न्यायची. घेणारा बोली लावून घ्यायचा आणि तेच अंडं परत देवाला द्यायचा, परत बोली. एक अंडं तीन-तीनदा विकलं जायचं. लहानपणी मला वाटायचं, हे देऊळ अंड्यांवरच उभं आहे. छपराचे पत्रे बदलायचे ठरले तेव्हा आजीनं बोरमाळ दिली. पत्रे आले. बोरमाळ किती रुपयाला गेली हे तिला कधी कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. विचारणं तिला पाप वाटायचं.

मंडळीला मिशनच्या काळापासूनचं मैदान होतं. आधी आमची पोरं तिथं क्रिकेट खेळायची. मग मांडववाल्याचं सामान येऊन पडलं. मग तिथं लग्नं लागू लागली, दिवे, बँड, गाड्या. भाडं येत असणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. वार्षिक सभेत बापानं उभं राहून एकच प्रश्न विचारला. मैदानाचं भाडं किती आलं? बस्स. शिवी नाही, आरोप नाही. पाळकानं पंचांकडं बघितलं, पंचांनी जमिनीकडं. मग एक पंच उठला आणि म्हणाला, देवाच्या सेवकावर बोट रोखणाऱ्याचं काय होतं ते पवित्र शास्त्रात लिहिलंय. सभा प्रार्थनेनं संपली. बाप सांगतो, भाड्याचा आकडा त्या प्रार्थनेत पुरला.

त्यानंतर मंडळीत दोन गट पडले. तुम्हाला वाटेल एक गट हिशेब मागणाऱ्यांचा. नाही दोस्तांनो. दोन्ही गटांना किल्ली पाहिजे होती. एकानं दुसऱ्यावर केस टाकली, दुसऱ्यानं पहिल्यावर. नाताळच्या आदल्या रात्री फाटकाला दोन कुलुपं होती, एकेक गटाचं एकेक, आणि मधे पोलिसाची खुर्ची. हिशेब मागणारे आठ-दहा जण होते, ते कुठल्याच गटात मावले नाहीत. ते गळत गेले. बाप रविवारी घरी रेडिओ दुरुस्त करत बसायला लागला. काका एका नव्या फेलोशिपमध्ये गेला, भाड्याच्या हॉलमध्ये. तिथं थैलीसुद्धा नाही, भिंतीवर क्यूआर कोड आहे, दशांश सरळ पास्टरच्या खात्यात. मी तुमच्यात आलो.

मग आजी गेली. मयतीसाठी मंडळीची चिठ्ठी लागते, कबरस्तानात जागा त्या चिठ्ठीवर. बाप गेला तर कारभारी म्हणाला, आईची वर्गणी थकलीय. आणि त्यानं वही काढली. लाल पुठ्ठ्याची. आजीचं नाव, कुठल्या कुठल्या महिन्याचे किती, शेवटच्या दोन वर्षांचे, ती अंथरुणात होती तेव्हाचे, सगळं रुपयापर्यंत बरोबर. बापानं पैसे भरले. मी बाहेर उभा होतो. तो बाहेर आला आणि मला म्हणाला, "वही आहे रे त्यांच्याकडं." एवढंच बोलला. आम्ही इतकी वर्षं समजत होतो की बिचाऱ्यांना लिहून ठेवता येत नाही, भोळी माणसं, देवाचं काम. वही होती. देणाऱ्याची बाकी लिहायला होती.

आता म्हणाल, एका मंडळीचं रडगाणं. तर मोठ्या चर्चचं ऐका. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन ते झालं. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट, अजून दोन. सहा मिशनांच्या शाळा, दवाखाने, बंगले, मैदानं एका छपराखाली. या चर्चचे सर्वांत वरचे धर्माधिकारी, मॉडरेटर म्हणतात त्यांना, ते पी. सी. सिंग. जबलपूरचे बिशप. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे विभागानं त्यांच्या घरावर छापा घातला. सुमारे १ कोटी ६५ लाख रोकड निघाली, वर अमेरिकन डॉलर. नोटा मोजायला मशीन आणावं लागलं. १२ सप्टेंबरला जर्मनीहून परतताना नागपूर विमानतळावर त्यांना पकडलं. त्याच नागपुरात, जिथं बावन्न वर्षांपूर्वी सहा चर्चेसनी हात मिळवले. आरोप असा की २००४-०५ ते २०११-१२ या काळात शाळांच्या फीचे सुमारे २ कोटी ७० लाख धार्मिक संस्थांकडे वळवले आणि खाजगीत वापरले. आरोप म्हणतोय मी, शिक्षा नव्हे. चर्चनं त्यांना पदावरून दूर केलं.

मला त्या रोकडीचा राग कमी आला. नोटा मोजायला मशीन सरकारनं आणलं, याचा आला. फी भरणाऱ्या आईबापांनी, रविवारी थैलीत हात घालणाऱ्यांनी ते आधी का मागितलं नाही?

आणि कायदा नव्हता असं नाही. आपल्याकडं १९५० पासून आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, आता नाव बदलून महाराष्ट्र झालंय. देऊळ, मठ, चर्च, अग्यारी, विहार, सगळ्यांना एकच माप. नोंदणी करा, दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय आयुक्ताकडं द्या. कलम ३६ तर सोन्यासारखं आहे. विश्वस्तांना जमीन विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची असेल, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि बिगरशेतीची जागा तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायची असेल, तर आयुक्ताची आधी परवानगी. नसेल तर व्यवहार रद्दबातल. हा कायदा किती कडक आहे बघा. गुजरातेत हाच मुंबईचा कायदा चालत आला. तिथल्या ब्रदरन चर्चचे लोक १९७० च्या विलीनीकरणावर भांडत सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ साली निकाल लागला की नुसत्या ठरावानं विश्वस्त संस्थेची मालमत्ता दुसऱ्याची होत नाही, कायद्यात सांगितलंय त्या रीतीनं व्हायला पाहिजे. त्रेचाळीस वर्षं गेली यात. पण मोठ्या चर्चला लहान मंडळीपुढं हरावं लागलं.

उलटं बघायचं तर अमेरिकेत. पॅसाडेनाला वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड होतं. आपल्याकडं दशांश एक, त्यांच्याकडं तीन. एक चर्चला, एक सणाच्या खर्चाला, आणि काही ठरावीक वर्षी तिसरा. जानेवारी १९७९ मध्ये कॅलिफोर्निया सरकारनं पैशाच्या तक्रारीवरून कोर्टातर्फे तिथं कारभारी बसवला. तर भाविक इमारतीत ठिय्या देऊन बसले. हिशेब तपासायला आलेल्याला त्यांनी अंगानं अडवलं. पुढच्या वर्षी तिथला कायदाच असा बदलला की सरकारला खटला सोडावा लागला. पुढारी १९८६ साली मेला, मग चर्चचे तुकडे झाले, आणि बाहेर पडलेले म्हातारे अजून विचारतायत, आमचे तीन दशांश गेले कुठं. अडवणारे आणि विचारणारे पुष्कळदा तेच.

म्हणजे आपल्याकडं कायदा शाबूत आहे. मग मीही ठरवलं. आत्याला घेऊन वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलो. अर्ज केला, फी भरली, मंडळीच्या नोंदीची नक्कल मिळाली. विश्वस्तांची नावं वाचली. त्यातले दोघं मेलेले. एकाच्या मयतीला मी स्वतः गेलो होतो, माती टाकली होती. बदलाची नोंद कुणी केलीच नव्हती. आत्या हसायला लागली, म्हणाली मेलेल्यांनी तरी हिशेब नीट ठेवला असता.

पुढची पायरी तक्रार. त्याला सही कुणाची? कायदा म्हणतो, हितसंबंध असलेली व्यक्ती. म्हणजे मंडळीचा सभासद. म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला जोडा. आत्या मोडली ती इथं.

ही गोष्ट नीट ऐका, कारण तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे. हिंदू नसेल तो अनुसूचित जातीचा नाही. १९५६ साली शीख आत घेतले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ साली अहवाल दिला की ही अट काढा. काढली नाही. २०२२ साली अजून एक आयोग बसवला, बालकृष्णन यांचा. त्यामुळं आमच्या घराघरांत दोन नावं असतात. रविवारी एक, दाखल्यावर एक. रविवारी येशूचा, सोमवारी हिंदू महार. आत्याच्या पोरीचा दाखला हिंदू महार, त्यावर तिची शिष्यवृत्ती. आत्यानं सभासद म्हणून सही केली, बाप्तिस्म्याचं पुस्तक कोर्टात उघडलं, की पोरीचा दाखला जातो. हे मी भीती घालायला सांगत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईचा दावा फेटाळला. चर्चला जायचं आणि नोकरीपुरतं हिंदू म्हणवायचं हे संविधानाशी कपट आहे असं ठरवलं. कपट. पिढ्यान् पिढ्या आमच्याशी कपट झालं त्याचं पुस्तक कुठल्या कोर्टात उघडायचं?

मंडळीच्या पंचांना हे पक्कं माहीत असतं. ते तोंडानं बोलत नाहीत. तुमच्या पोरीचं कॉलेज कसं चाललंय, एवढं विचारतात. आत्यानं कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मी तिला दोष देत नाही. आणि मी सही करू म्हटलं तर मी बाहेर पडलेला, माझा हितसंबंध कुठला? सोडलं की बोलायचा हक्क गेला, राहिलं तर बोलायची हिंमत गेली. मधल्या मधे मैदान खाल्लं गेलं.

सोडणाऱ्यांतही फरक असतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली मिशनचा पगार सोडला, देवाचा दरबार काढला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळं ते घर मराठीत अजरामर झालं. चांगलं पुस्तक आहे, वाचा. पण बामणाचं येणं साहित्यात, बामणाचं सोडणं साहित्यात. माझा बाप एक प्रश्न विचारून बाहेर पडला त्याची नोंद मंडळीच्या मिनिट बुकातसुद्धा नाही. आज या पानावर ती छापून घेतोय.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर इंग्रजीत लिहून ठेवलंय. त्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही, महाराष्ट्र सरकारनं १९८९ साली पाचव्या खंडात छापलं. त्यांचं म्हणणं असं की मिशनांनी पैसा ओतला शाळा-दवाखान्यांत, आणि त्याचा मलिदा खाल्ला वरच्या जातींनी. बाटलेला अस्पृश्य होता तिथंच राहिला, जात चर्चच्या आत आली. ते लिहिताना त्यांनी देवाबिवावर फार शाई घालवली नाही. पैसा कुठं गेला हे विचारलं.

आता तुमच्या दारात येतो.

इथं पूर्णात विहार आणि वाचनालय बांधायचं ठरून तीन वर्षं झाली. आपण गोदामांच्या मधल्या फटीत राहतो. या रस्त्यावर विमान मावेल एवढी गोदामं आहेत, आपल्या पोराला वही उघडायला चार फूट जागा नाही. म्हणून वर्गणी. हमालांनी दिली, घरकाम करणाऱ्या बायांनी दिली, लूमवरच्या पोरांनी हप्त्यातून दिली. जयंतीच्या मिरवणुकीतनं उरलेले त्यात टाकू म्हणाले. किती उरले? कुठल्या बँकेत आहेत? खात्यावर सह्या किती जणांच्या? संस्था नोंदवलीय का? मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या मावशीनं हेच विचारलं तर तिला काय ऐकवलं? समाजात फूट पाडू नका. बाबासाहेबांच्या नावावर संशय घेता?

मला ते ऐकून लाल पुठ्ठ्याची वही दिसली. शब्द वेगळे, सूर तोच. तिथं देवाचा सेवक, इथं समाजाचा नेता.

२०२५ साली महाबोधी विहारासाठी भिक्खू बोधगयेला उपोषणाला बसले. १९४९ चा कायदा रद्द करा, कमिटीत चार हिंदू कशाला, विहार बौद्धांच्या ताब्यात द्या. आपणही घोषणा दिल्या, मी घसा बसेपर्यंत दिल्या. ती मागणी बरोबर आहे. पण दीड हजार किलोमीटरवरच्या दानपेटीवर आपला हक्क सांगायचा आणि गल्लीतल्या दानपेटीवर गप्प बसायचं? १९५७ साली रिपब्लिकन पक्ष निघाला, त्याचे किती गट झाले ते बोटं मोडून सांगा, माझी बोटं संपतात. पँथर १९७२ ला उभी राहिली, १९७७ ला बरखास्त. तत्त्वाची भांडणं होती, होती ना. पण प्रत्येक वेळी जे आठ-दहा जण खाली बसून साधं विचारत होते, ते कुठल्या गटात मावले? तेही रेडिओ दुरुस्त करत बसले असतील.

माझ्या आत्याला भीती होती, कारण तिची सही तिच्या पोरीचा दाखला खाते. तुमची सही काय खाते? १९९० पासून तुम्ही बौद्ध म्हणून उघड उभे राहू शकता. तुम्हाला कुणी दाखल्याचं विचारणार नाही. फार तर जयंतीच्या स्टेजवर खुर्ची मिळणार नाही.

ओरडू नका. मी कुणाला चोर म्हटलेलं नाही. कदाचित एकेक रुपया जागेवर असेल. मग दाखवायला पाच मिनिटं लागतात. मंडळीत माझ्या बापाला कुणी पाच मिनिटं दिली असती तर कदाचित मी आज तिथं गाणी म्हणत बसलो असतो आणि तुमचं डोकं खायला आलो नसतो.

माझ्याकडं वर्गणीचं एक पावतीपुस्तक दिलं होतं. पन्नास पावत्यांचं. एकेचाळीस फाडल्यात, सात कोऱ्या आहेत, दोन खराब झाल्या त्या रेघ मारून तशाच लावून ठेवल्यात. जमा आठ हजार सहाशे वीस. त्यातले वीस रुपये एका पोरानं दिले, नाव सांगायला तयार नव्हता, पावतीवर "एक मित्र" लिहिलंय. पुस्तक हे, पैसे या रुमालात. मी टेबलावर ठेवतोय. मोजा. एकट्यानं नको, दोघांनी मोजा, आणि दुसरी मावशी असू दे.